चित्रपटगृहातील सेवा, देखभाल आणि ग्राहक : एक अर्थशास्त्रीय विवेचन

सेवाक्षेत्राचा विचार करताना बँका, विमा, दूरसंचार, रेल्वे आणि आरोग्यसेवा यांची चर्चा आपल्याकडे सातत्याने होते. चित्रपटगृह ही मात्र अशी सेवा आहे की जिचा लाभ कोट्यवधी नागरिक घेतात आणि जिच्या दर्जाविषयीची तक्रार बहुधा घरी पोहोचेपर्यंत विरून जाते. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणचे एखादे जुने एकपडदा चित्रपटगृह डोळ्यांसमोर आणावे. खुर्चीतील काथ्या बाहेर आलेला, पंखे कुरकुरणारे, संवाद अर्धेच ऐकू येणारे आणि स्वच्छतागृहाची दुर्गंधी थेट बाल्कनीपर्यंत पोहोचणारी. प्रेक्षक चडफडतो, पुन्हा येथे पाऊल ठेवणार नाही असे सोबत्यांना सांगतो आणि आवडत्या नटाचा नवा चित्रपट लागला की पुन्हा त्याच रांगेत उभा राहतो. काही जण खरोखरच येईनासे होतात. परंतु या दोहोंपैकी कोणत्याही प्रतिक्रियेने खुर्ची दुरुस्त होत नाही.

असे का घडावे? पैसे मोजणारा ग्राहक असमाधानी असेल, तर बाजारव्यवस्थेने सेवा सुधारावयास हवी, असे अर्थशास्त्राचे प्राथमिक पुस्तक सांगते. चित्रपटगृहाच्या बाबतीत हे सूत्र अर्धवटच लागू पडते. ते कोठे लागू पडते, कोठे अडते आणि जेथे ते अडते तेथे कायदा व शासन यांची भूमिका कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

भारतात चित्रपटांचे पहिले जाहीर प्रदर्शन ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाले. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईतीलच कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ येथे प्रेक्षकांसाठी खुला झाला. बंद सभागृहात शेकडो माणसे, विजेची उपकरणे आणि त्या काळातील ज्वालाग्राही फिल्म एकत्र येत असल्यामुळे या व्यवसायावर शासकीय नियंत्रणाची गरज लवकरच भासली. १९१८ च्या चलच्चित्र अधिनियमात चित्रपटांच्या पूर्वतपासणीबरोबर प्रदर्शनस्थळांच्या परवान्याचीही तरतूद होती. त्याची जागा पुढे १९५२ च्या अधिनियमाने घेतली.

स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी येथे एक घटनात्मक बाब ध्यानात घ्यावी. चित्रपट प्रदर्शनासाठी प्रमाणित करणे हा संघसूचीतील नोंद ६० चा विषय आहे. चित्रपटगृहे मात्र त्या नोंदीच्या अधीन राहून राज्यसूचीतील नोंद ३३ मध्ये येतात. म्हणजे पडद्यावर काय दाखवावे याचे प्रमाणपत्र केंद्रीय मंडळ देते, तर पडदा ज्या इमारतीत आहे तिचा परवाना, तपासणी आणि सुरक्षितता ही राज्यांची जबाबदारी ठरते. महाराष्ट्रात यासाठी १९५३ चा चित्रपटगृहे (विनियमन) अधिनियम आहे. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी व आयुक्तालयाच्या क्षेत्रात पोलीस आयुक्त हे परवाना प्राधिकारी असतात.

सेवेच्या दर्जाचे तीन स्तर

ग्राहकाला गुणवत्तेची माहिती केव्हा मिळते, या कसोटीवर अर्थशास्त्रज्ञांनी वस्तू व सेवांचे वर्गीकरण केले आहे. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये ‘शोधगुण’ आणि ‘अनुभवगुण’ असा भेद मांडला. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी त्यात ‘विश्वासगुणा’ची भर घातली. खरेदीपूर्वी चौकशी करून जो कळतो तो शोधगुण, वापरल्यानंतर कळतो तो अनुभवगुण आणि वापरल्यानंतरही सामान्य ग्राहकाला कळत नाही तो विश्वासगुण होय.

चित्रपटगृहाच्या एका तिकिटात हे तिन्ही गुण एकत्र विकले जातात. तिकिटाचा दर, खेळाची वेळ व चित्रपटाचे नाव हे शोधगुण आहेत. आसन, ध्वनी, पडद्यावरील प्रकाश, स्वच्छतागृह आणि कर्मचाऱ्यांची वागणूक हे अनुभवगुण आहेत. पैसे दिल्यावर आणि दिवे मालवल्यावरच ते समजतात. विजेच्या तारांची स्थिती, आपत्कालीन दरवाजे उघडतात की नाही, अग्निशमन यंत्रणा चालू आहे की भिंतीवर नुसती टांगलेली आहे, हे मात्र विश्वासगुण होत. प्रेक्षक शंभर चित्रपट पाहून सुखरूप घरी आला तरी या बाबतीत त्याला काहीच कळलेले नसते.

पहिल्या स्तरावर बाजार बऱ्यापैकी काम करतो. दुसऱ्या स्तरावर तो लंगडतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले की, विक्रेत्याला दर्जा ठाऊक असून खरेदीदाराला तो ठाऊक नसेल तर चांगल्या दर्जाला योग्य किंमत मिळत नाही आणि तो बाजारातून मागे हटू लागतो. या असममित माहितीच्या सिद्धांतासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. चित्रपटगृहात आणखी एक गुंतागुंत असते. प्रेक्षक येतो तो प्रामुख्याने चित्रपटासाठी. गाजलेला चित्रपट मोडक्या खुर्च्यांवरही गर्दी खेचतो आणि पडलेला चित्रपट उत्तम सभागृहही रिकामे ठेवतो. त्यामुळे तिकीटविक्रीच्या आकड्यांतून मालकाला आपल्या देखभालीविषयी स्पष्ट संदेश मिळतच नाही. गल्ला घटला तर दोष चित्रपटाचा, वाढला तर खुर्च्यांविषयी कोणाची तक्रार नाही, असा सोयीचा निष्कर्ष काढता येतो.

देखभालीलाच कात्री का लागते?

चित्रपटगृहाचा खर्च मुख्यतः स्थिर स्वरूपाचा असतो. वेतन, किमान वीजआकार, मालमत्ता कर आणि कर्जाचे हप्ते हे प्रेक्षक दहा असोत वा पाचशे, भरावेच लागतात. एका अधिक प्रेक्षकाचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो, आणि त्या खेळाचे न विकलेले आसन नंतर कधीच विकता येत नाही. उत्पन्न घटले की मालक हाताशी असलेला एकच लवचीक खर्च पुढे ढकलतो. तो खर्च देखभालीचा असतो. वेतन थकले तर कर्मचारी बोलतो, वीजबिल थकले तर पुरवठा तोडला जातो. गादी फाटली तर तातडीने काहीच होत नाही.

तिकिटाचे सर्व पैसेही चित्रपटगृहाकडे राहत नाहीत. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातील संघर्षामुळे सुमारे दोन महिने नवे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्सना मिळाले नव्हते. त्यानंतरच्या समझोत्यात निर्माता-वितरकांचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ व पुढे ३० टक्के असा ठरला. याउलट खाद्यपदार्थ व जाहिरातींच्या उत्पन्नात निर्मात्याला वाटा द्यावा लागत नाही. मध्यंतरातील मक्याच्या लाह्या एवढ्या महाग का आणि चित्रपटापूर्वीच्या जाहिराती एवढ्या लांब का, या प्रश्नांच्या उत्तराचा मोठा भाग येथे सापडतो.

करधोरणाचाही येथे विचार करावयास हवा. करमणूक करांचे दर राज्याराज्यांत भिन्न आणि अनेक ठिकाणी जड होते. महाराष्ट्रासह काही राज्यांनी देखभालीसाठी तिकिटावर अल्प सेवाशुल्क घेण्याची आणि त्यावर कर न लावण्याची सवलत चित्रपटगृहांना दिली होती. योजना योग्य होती, पण ती रक्कम खरोखर खुर्च्यांवर आणि स्वच्छतेवर खर्च झाली काय, हे तपासण्याचे कोणतेही साधन ती रक्कम देणाऱ्या प्रेक्षकाच्या हाती नव्हते. मल्टिप्लेक्सच्या उभारणीस राज्यांनी करमणूक करात सूट दिली. आयकर कायद्यातही १ एप्रिल २००२ ते ३१ मार्च २००५ या काळात बांधलेल्या मल्टिप्लेक्सना, चार महानगरांच्या पालिका हद्दी वगळून, पाच वर्षे नफ्याच्या ५० टक्के वजावट होती. या सवलतीचा रोख नव्या बांधणीकडे होता, जुन्या सभागृहाच्या दुरुस्तीकडे नव्हता.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के व त्यावरील तिकिटावर २८ टक्के कर होता. १ जानेवारी २०१९ पासून हे दर अनुक्रमे १२ व १८ टक्के झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील दर ५ टक्के करण्यात आला, वरचा दर १८ टक्केच राहिला. स्वस्त तिकिटाला दिलासा मिळाला, हे स्वागतार्ह आहे. तथापि सीमारेषेवर काय होते ते पाहावे. कर वगळता १०० रुपयांचे तिकीट प्रेक्षकाला १०५ रुपयांना पडते. मालकाने देखभालीसाठी त्यात केवळ १० रुपये वाढविले, तर ११० रुपयांवर १८ टक्क्यांनी १९ रुपये ८० पैसे कर लागतो आणि प्रेक्षकाला १२९ रुपये ८० पैसे मोजावे लागतात. मालकाच्या १० रुपयांसाठी प्रेक्षकावर २४ रुपये ८० पैशांचा भार पडतो. लहान गावातील मालक अशा वेळी दरही वाढवीत नाही आणि खुर्चीही बदलत नाही.

दरांवर कमाल मर्यादा घालण्याचा उपायही सावधपणे योजावा लागतो. आंध्र प्रदेशात एप्रिल २०२१ च्या आदेशाने ग्रामपंचायत क्षेत्रातील विनावातानुकूलित चित्रपटगृहांत सर्वांत खालच्या वर्गाचा दर ५ रुपये ठरविण्यात आला. मार्च २०२२ मध्ये तो आदेश बदलून दर वाढवावे लागले. कर्नाटकाने सप्टेंबर २०२५ मध्ये २०० रुपयांची मर्यादा घातली, तिला त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. किंमत गोठविली आणि दर्जा मोकळा सोडला, की विक्रेता दर्जा घटवून आपली सोय पाहतो. किंमत-नियंत्रणाचा हा सर्वपरिचित परिणाम आहे.

निघून जाणे आणि बोलणे

अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये असमाधानी ग्राहकापुढील दोन मार्गांचे विवेचन केले. एक मार्ग निघून जाण्याचा, दुसरा आवाज उठविण्याचा. नायजेरियातील रेल्वेच्या उदाहरणावरून त्यांनी दाखविले की, स्पर्धा असूनही सेवा सुधारत नाही असे घडू शकते. दर्जाबाबत सर्वांत जागरूक ग्राहक सर्वांत आधी मालमोटारीकडे वळले. जे बोलू शकले असते तेच निघून गेल्यामुळे रेल्वेवरील दबाव उलट कमी झाला.

आपल्या एकपडदा चित्रपटगृहांची कथा याहून वेगळी नाही. भारतातील पहिले मल्टिप्लेक्स १९९७ मध्ये दिल्लीतील साकेत येथे सुरू झाले. त्यानंतर ज्यांना परवडत होते असे प्रेक्षक मल्टिप्लेक्सकडे, आणि अलीकडच्या काळात घरच्या पडद्याकडे वळले. कुटुंबासह येणारा, स्वच्छतागृहाविषयी आग्रही असणारा वर्ग प्रथम गेला. विशेषतः स्त्रियांचे येणे कमी झाले, की व्यवस्थापनाला स्वच्छतेची निकडही वाटेनाशी होते. मागे राहिलेल्या प्रेक्षकाला दुसरा पर्याय नव्हता आणि तक्रारीची सवयही नव्हती. गल्ला घटला म्हणून देखभाल घटली आणि देखभाल घटली म्हणून गल्ला घटला, हे दुष्टचक्र अनेक चित्रपटगृहांना कुलूप लागूनच थांबले. २०२० व २०२१ मधील साथीच्या काळातील दीर्घ टाळेबंदीने त्याला आणखी गती दिली.

तक्रार न होण्यामागे सामूहिक कृतीची अडचणही आहे. शंभर रुपयांच्या तिकिटासाठी अर्ज लिहिणे, पाठपुरावा करणे कोणाही एकाला परवडत नाही. तक्रारीचा खर्च एकाला आणि सुधारणेचा लाभ सर्वांना, अशी स्थिती असल्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो. म्हणूनच कायद्याने आवाज उठविण्याचा खर्च कमी करणे महत्त्वाचे ठरते.

कायद्याने दिलेला आवाज

१९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून अंमलात आला. त्यातील ‘सेवा’ या संज्ञेत करमणुकीचा स्पष्ट समावेश आहे. तिकीट घेणारा प्रेक्षक हा कायद्याच्या दृष्टीने ग्राहक होय. कलम २(११) नुसार सेवेतील ‘त्रुटी’ म्हणजे गुणवत्ता, स्वरूप किंवा पद्धतीतील दोष वा अपुरेपणा. ग्राहकाचे नुकसान करणारा निष्काळजीपणा आणि संबंधित माहिती हेतुतः दडवून ठेवणे यांचाही त्यात समावेश आहे. वर वर्णिलेल्या असममित माहितीच्या समस्येला कायद्याने दिलेले हे उत्तरच आहे.

तक्रार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करावी लागते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क नाही, वकील अनिवार्य नाही आणि ग्राहक स्वतः जेथे राहतो किंवा काम करतो तेथे तक्रार दाखल करू शकतो. समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रारही करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ई-जागृती या संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या दाखल होते.

गेल्या दशकातील काही निर्णय या दृष्टीने अभ्यासनीय आहेत. आगरतळा येथील एका मल्टिप्लेक्सच्या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने २०१५ मध्ये, प्रेक्षकांना पाणी आत नेऊ न देणाऱ्या चित्रपटगृहाने पिण्याचे पाणी विनामूल्य उपलब्ध करून दिले पाहिजे, अशी भूमिका घेतली. जम्मू व काश्मीरमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी, बाहेरील खाद्यपदार्थांना मनाई करण्याचा मालकाचा अधिकार मान्य केला. मात्र पिण्याचे शुद्ध पाणी विनामूल्य असावे आणि तान्ह्या मुलांसाठी पालकांनी आणलेला वाजवी आहार अडवू नये, हेही त्यात नमूद आहे. एकाच आवेष्टित वस्तूवर ठिकाणानुसार दोन कमाल किरकोळ किमती छापण्यास वैध मापनशास्त्र नियमांतील दुरुस्तीने १ जानेवारी २०१८ पासून प्रतिबंध झाला.

सर्वच प्रश्न मात्र सुटलेले नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळूरु येथील जिल्हा आयोगाने, जाहीर वेळेनंतर सुमारे २५ मिनिटे जाहिराती दाखविणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. मालकाचे व्यवसायस्वातंत्र्य कोठे संपते आणि ग्राहकाच्या वेळेचे मूल्य कोठे सुरू होते, हा वाद पुढेही चालू राहील.

जे प्रेक्षकाला दिसत नाही

येथवरच्या तक्रारी गैरसोयीच्या होत्या. विश्वासगुणाच्या बाबतीत मात्र चूक जीवावर बेतते. १३ जून १९९७ रोजी दिल्लीतील ग्रीन पार्क भागातील उपहार चित्रपटगृहात ‘बॉर्डर’ चित्रपटाचा दुपारचा खेळ चालू होता. तळमजल्यावरील विद्युत रोहित्राला त्या दिवशी सकाळीच आग लागली होती आणि त्याची दुरुस्ती करून ते पुन्हा चालू करण्यात आले होते. दुपारी त्याने पुन्हा पेट घेतला. धूर बाल्कनीत शिरला. वाढीव खुर्च्या बसविण्यासाठी एका बाजूची वाट बंद केलेली होती. ५९ प्रेक्षक गुदमरून मरण पावले, शंभराहून अधिक जखमी झाले.

त्या प्रेक्षकांना उत्तम चित्रपट मिळाला होता, तिकिटाचा दर त्यांनी स्वखुशीने दिला होता. ज्या गोष्टीने त्यांचा घात केला, ती त्यांना तिकीट खिडकीवर दिसणे शक्य नव्हते. ती पाहण्याचे काम ज्यांचे होते त्यांनी ते केले नाही. १९८३ मध्ये या चित्रपटगृहाचा परवाना निलंबित झाला होता. त्याला न्यायालयीन स्थगिती मिळाली आणि पुढे अनेक वर्षे ते तात्पुरत्या परवान्यांवर चालत राहिले.

१३ ऑक्टोबर २०११ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने मृतांपैकी २० वर्षांवरील व्यक्तींसाठी १० लाख आणि त्याखालील व्यक्तींसाठी साडेसात लाख रुपये भरपाई निश्चित केली. दायित्वाची विभागणी परवानाधारकावर ८५ टक्के व दिल्ली विद्युत मंडळावर १५ टक्के अशी झाली. परवाना देणारे प्राधिकारी आणि महानगरपालिका यांच्यावर मात्र भरपाईचे दायित्व ठेवण्यात आले नाही. तपासणी न करणाऱ्याला जर आर्थिक किंमत मोजावी लागत नसेल, तर तपासणी नेमकी कोणत्या प्रेरणेने होईल, हा प्रश्न या निर्णयानंतर धोरणकर्त्यांसमोर उभा राहतो.

पुढील दिशा

उपरोक्त विवेचनातून काही सूचना पुढे येतात. पहिली सूचना माहितीविषयक आहे. अग्निसुरक्षा व विद्युत तपासणीची अखेरची तारीख, मंजूर आसनसंख्या आणि परवान्याची मुदत ही माहिती तिकीट खिडकीवर व ऑनलाइन तिकिटावर ठळकपणे छापली जावी. जो गुण आज केवळ विश्वासावर सोडलेला आहे, तो त्यामुळे खरेदीपूर्वी पाहता येईल. उपाहारगृहांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने स्वच्छता मानांकन सुरू केले आहे. त्याच धर्तीवर चित्रपटगृहांचेही मानांकन करता येईल.

दुसरी सूचना तक्रार आणि परवाना यांची सांगड घालण्याची आहे. व्यवस्थापकाकडील तक्रारवही नूतनीकरणाच्या वेळी परवाना प्राधिकाऱ्यासमोर ठेवणे बंधनकारक केल्यास एका प्रेक्षकाच्या दोन ओळींनाही वजन येईल. तिसरी सूचना राजकोषीय आहे. १०० रुपयांच्या सीमारेषेवरील कराची उडी सौम्य करावी आणि जुन्या सभागृहांच्या नूतनीकरणासाठी अल्पव्याजी कर्जाचा विचार व्हावा. चौथी सूचना समावेशकतेची आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये श्रवण व दृष्टिबाधित प्रेक्षकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. त्यांच्या अंमलबजावणीसाठी चित्रपटगृहातही आवश्यक साधने व ती हाताळणारे कर्मचारी असावे लागतील.

समारोप

चित्रपटगृहाचा दर कमी-अधिक असणे हा बाजाराचा विषय होऊ शकतो. खुर्ची, ध्वनी आणि स्वच्छता यांसाठी बाजाराच्या जोडीला ग्राहकाचा आवाज लागतो आणि त्या आवाजाला कायद्याचे पाठबळ लागते. संकटकाळी उघडणारा दरवाजा मात्र ना बाजार देऊ शकतो, ना एकटा ग्राहक. तेथे सक्षम आणि उत्तरदायी तपासणीला पर्याय नाही. बाजार, ग्राहक आणि शासन यांच्या कार्यक्षेत्रांची ही विभागणी रुग्णालये, शाळा, प्रवासी वाहतूक अशा अन्य सेवांनाही लावून पाहावी. अर्थशास्त्राचा एक महत्त्वाचा सिद्धांत त्यातून उलगडेल. आणि पुढच्या वेळी चित्रपटगृहात गेल्यावर, दिवे मालवण्यापूर्वी बाहेर पडण्याचा मार्ग कोठे आहे व तो मोकळा आहे काय, हे पाहण्याची सवयही लागेल. तो बंद आढळल्यास तसे व्यवस्थापकाला लेखी कळवावे. नागरिक म्हणून तेवढे कर्तव्य आपल्या वाट्याला येते.